न विचारता नेलेली होडी

बाल न्याय मंडळावर सामाजिक सदस्य म्हणून माझी निवड झाल्याचं कळलं, तेव्हा घरात सगळ्यात जास्त हसले ते माझे यजमान. मी रत्नागिरीतल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका होते. खो-खो हा माझा विषय आणि शिट्टी हे माझं हत्यार. "इतकी वर्षं पोरांना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्यास," ते म्हणाले, "आता गुन्हा केला की भाट्याच्या पुलापर्यंत पळवणार का?"

नक्की काय करायचं ते मलाही ठाऊक नव्हतं. प्रशिक्षणात समजलं ते एवढंच, की अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातून गुन्हा घडला तर ते प्रकरण नेहमीच्या कोर्टात जात नाही, आमच्याकडे येतं. मंडळात तिघं जण असतात. एक दंडाधिकारी आणि दोघं आमच्यासारखे बाहेरचे. पिंजरा नाही, बेड्या नाहीत, पोलीससुद्धा साध्या कपड्यांत. 'आरोपी' हा शब्द वापरायचा नाही, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणायचं. हा शब्द न अडखळता म्हणायला मला बराच काळ लागला. तोवर मी 'मूल' म्हणायचे आणि कुणाचं काही अडलं नाही.

आमची बैठकीची खोली लहानशी होती. मुलांना मोकळं वाटावं म्हणून कुणीतरी भिंतीवर हसरा हत्ती रंगवून घेतला होता. त्या हत्तीकडे बघून एकही मूल हसल्याचं मला आठवत नाही. वकील मात्र हसायचे.

त्या खोलीत काय काय यायचं, असं लोक मला अजून विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आधीच स्वतः सांगून टाकतात, की हल्लीची पोरं फार बिघडली आहेत. मला तसं दिसलं नाही. मला दिसलं ते असं, की पोरं तीच आहेत, हातातली वस्तू बदलली आहे. आमच्या लहानपणी पावसच्या बाजूला सुट्टीत गेलो की पोरं दुसऱ्याच्या बागेतले आंबे पाडायची आणि राखणदार ओरडला की सड्याच्या कातळावरून पळत सुटायची. ते प्रकरण संध्याकाळी आईच्या हातच्या दोन रट्ट्यांत मिटायचं. आता मित्राच्या काकाची मोटरसायकल घेऊन सुसाट सुटतात. ग्रुपवर कुणीतरी कुणालातरी काहीतरी बोलतो आणि दुसऱ्या दिवशी बसस्टँडच्या मागे मारामारी होते. वर्गातल्या मुलीचा फोटो कुणीतरी फिरवतो. आणि पुरावा शोधायला पोलिसांना कुठे जावंच लागत नाही. पोरांनी तो स्वतःच टाकलेला असतो, वर संगीत लावून.

सगळंच हसण्यासारखं नव्हतं. लोट्याकडचा एक मुलगा असाच एका शेऱ्यावरून भडकला होता आणि त्याने दुसऱ्याच्या डोक्यात बाटली घातली होती. त्याला निरीक्षणगृहात ठेवायचं ठरलं, तेव्हा त्याची आई बाहेर बाकावर त्याचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिला वाटत होतं, दुपारपर्यंत दोघं एसटीने घरी जातील.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट होडीची.

जयगडच्या बाजूला खाडीकाठी एक गाव आहे. गावाचं नाव सांगत नाही, मुलीची ओळख राखायची म्हणून. मुलगी सोळा वर्षांची, बारावी सायन्सला. वडील मालवाहू जहाजावर खलाशी, वर्षातले थोडेच दिवस घरी. आई मासे विकते. दिवाळी उलटली होती, समुद्र निवळला होता. रविवार होता. शेजारच्या आळीतले एक काका पावसला भाचीच्या लग्नाला गेले होते. गावात सगळे त्यांना काकाच म्हणत, म्हणून मीही काकाच म्हणते. साठीचे, बारीक, काटक गृहस्थ. त्यांची फायबरची होडी धक्क्याला बांधलेली होती. एरवी ते इंजिन काढून घरी नेत, त्या दिवशी लग्नाच्या गडबडीत राहिलं.

ही मुलगी धक्क्यावर गेली, दोर सोडला, इंजिनाची दोरी ओढली आणि होडी घेऊन गेली.

कशी गेली ते आम्हाला तपशीलवार माहीत होतं, कारण तिने त्याची रील केली होती. एका हाताने सुकाणू, दुसऱ्या हाताने मोबाइल, केस उडताहेत, मागे पाण्याची पांढरी रेघ, एका बाजूला फेरीबोट येतेय आणि तिच्यावरच्या लोकांना ही हात करतेय. खाडीच्या मुखापर्यंत जाऊन ती वळली. पण तोवर सुकती लागली होती, पाणी झपाट्याने उतरत होतं. होडी खडकावर चढली, इंजिनाचा पंखा वाकला आणि होडी एका अंगाला कलली तेव्हा आतलं जाळं पाण्यात घसरलं. आमच्या बाईसाहेब खडकावर बसल्या. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून बसल्या जागी रील टाकली.

इकडे पावसला लग्नात काका पंगतीला बसले होते. पुतण्याने त्यांना नुकताच मोबाइल शिकवला होता. समोर जे येईल त्याला अंगठा द्यायचा, एवढं त्यांना जमत होतं. जिलबी वाढायला येईपर्यंत ते मोबाइल बघत बसले. एक पोरगी झकास होडी चालवतेय असं दिसलं, त्यांनी अंगठा दिला. मग त्यांचं लक्ष होडीच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे गेलं. तिथे पुतण्याने रंगवलेले दोन डोळे होते, एक मोठा आणि एक बारीक. असे डोळे साऱ्या खाडीत एकाच होडीला होते.

"जिलबी न खाता उठलो मी!" मंडळापुढे काकांचं पहिलं वाक्य हे होतं. होडीचं नंतर आलं.

गावातल्यांनी मुलीला आणि होडीला काठाला आणलं होतं आणि काकांनी पोलिसांत तक्रार दिली होती. पहिल्या बैठकीला मुलगी आईबरोबर आली. कॉलेजचा ड्रेस, दोन वेण्या, ताठ मान. आमचे दंडाधिकारी साहेब कोल्हापूरकडचे, माणूस भला, पण पाण्याशी संबंध फक्त पंचगंगेचा. त्यांनी प्रेमाने विचारलं, "का नेलीस गं होडी?"

"मजा म्हणून."

"कुणी सांगितलं होतं?"

"नाही."

"घरात काही भांडणबिंडण?"

"नाही."

"मोबाइलवर कुणी पैज लावली होती?"

"नाही हो. मजा येईल असं वाटलं."

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. आमचे तिसरे सदस्य म्हणजे एक मुलांचे डॉक्टर. ते बैठकीत फार कमी बोलायचे. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "मग? आली का मजा?"

मुलीने खरंच विचार केला. "पंखा लागेपर्यंत खूप आली."

तिच्या आईने तिथल्या तिथे तिला चिमटा काढला. मला हसू आवरेना, म्हणून मी हत्तीकडे बघितलं. तो पहिल्यांदाच उपयोगी पडला.

पुढच्या बैठकीपर्यंत तिच्या घरची माहिती काढायचं काम आमच्या परिविक्षा अधिकाऱ्याकडे होतं. म्हणजे मुलाच्या घरी जाऊन परिस्थिती बघायची, शाळेत चौकशी करायची आणि मंडळाला सांगायचं, असं काम करणारा माणूस. हा तरुण मुलगा होता, समाजकार्य शिकून नुकताच आलेला, मनापासून काम करणारा. त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं. मी त्याच्याबरोबर त्या मुलीच्या घरी गेले. पडवीत बसून त्याने तिला विचारलं, "वडील घरी नसतात, त्याचा तुला राग येतो का? एकटं वाटतं का?"

ती म्हणाली, "बाबा मी जन्मल्यापासून जहाजावरच आहेत. त्याचं वाईट वाटून होडी चोरायची होती, तर मी इतकी वर्षं काय करत होते?"

त्याने वहीतला पुढचा प्रश्न खोडला.

मला मात्र ती मुलगी तेव्हाच पटली. आयुष्यभर मैदानावर पोरं बघितल्यावर एक गोष्ट कळते. चेंडू खिडकीच्या काचेवर मारणाऱ्या दहातल्या नऊ पोरांना काच फोडायची नसते आणि घरचं दुःखही सांगायचं नसतं. चेंडू समोर असतो, पाय शिवशिवत असतो. काच फुटल्यावर त्यांना कळतं की काच होती. माझ्यासमोर आलेली बहुतेक मुलं अशीच होती. ती एकदा आली आणि परत कधी दिसली नाहीत.

म्हणून काही झालंच नाही असं नव्हतं. काकांचा पंखा वाकला होता, जाळं खडकावर घासून ठिकठिकाणी फाटलं होतं आणि ऐन हंगामात होडी धक्क्याला पडून होती. गावातही बोलणं सुरू झालं होतं. पोरगी हाताबाहेर गेली, मोबाइलने वाटोळं केलं, वगैरे. जहाजावरून वडिलांचा फोन आला होता, की तिला मुंबईला आत्याकडे पाठवा, कॉलेज पुरे. आई आम्हाला म्हणाली, "बाई, मी काय करू? हे लांबून हुकूम सोडतात. इथे लोकांना तोंड मला द्यायला लागतं." आणि तेवढ्यात मुलगी आतून म्हणाली, "आत्याच्या घरी तर होडी पण नाही." आईने हातातलं सूप खाली ठेवलं आणि ती आत गेली. आतून काय आवाज आले ते सांगत नाही.

पुढच्या बैठकीला काका तयारीने आले, इस्त्रीचा सदरा घालून. साहेबांनी त्यांना समजावून सांगितलं, की कायद्याच्या दृष्टीने हा किरकोळ गुन्हा आहे, मुलीचं शिक्षण मोडता कामा नये, सुधारण्याची संधी द्यायची.

काका एकदम उठले. "किरकोळ? माजी होडी किरकोळ?"

"होडी नाही हो, गुन्हा किरकोळ."

"होडी मोठी नि गुन्हा किरकोळ, असं कसं होईल? मला न विचारता नेलीन तिनं. जाळं फाडलंन. तिला सांगा, जाळं शिवून दे. माजं दुसरं काय म्हणणं नाय."

मला हे म्हणणं अगदी रास्त वाटलं. साहेबांनाही वाटलं असावं. पण ते म्हणाले, "मुलीला तुमच्या घरी कामाला लावायचा आदेश मला देता येत नाही. ती बालमजुरी होईल."

"मग तुम्ही शिवा," काका म्हणाले.

डॉक्टरांना खोकला आला. बराच वेळ येत राहिला.

शेवटी आदेश झाला तो असा. कॉलेज चालू ठेवायचं. परिविक्षा अधिकाऱ्याची देखरेख. दर रविवारी सकाळी गावच्या आरोग्य उपकेंद्रात समाजसेवा, म्हणजे तिथल्या आरोग्यसेविका बाईंना मदत करायची. जहाजावरच्या वडिलांशी साहेब स्वतः फोनवर बोलले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण आत्याचा विषय मागे पडला. इंजिनाचं घरच्यांनी आपसात मिटवलं. काका मात्र जाताना पुटपुटत गेले, "जाळं तसंच राहिलं."

पुढचं आम्हाला तुकड्यातुकड्याने कळत गेलं. मुलगी उपकेंद्रात जायला लागली. लहान मुलांना लस देताना त्यांना धरून ठेवायचं काम तिला जमायचं, कारण ती त्यांच्याशी सतत काहीबाही बोलत राहायची आणि पोरं रडायचं विसरायची. आरोग्यसेविका बाई खूश होत्या. उपकेंद्रातून घरी जायचा रस्ता धक्क्यावरून होता. तिथे काका फाटकं जाळं पसरून बसलेले असत. पहिल्या रविवारी ती लांबून निघून गेली. दुसऱ्या रविवारी म्हणे त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काय गो?" काकांनी विचारलं.

"जाळं शिवायला शिकवा."

"तुज्या साहेबानी नाय सांगितलंन ना?"

"साहेबांनी आदेश दिला नाही. मी आपली आलेय."

काकांनी तिच्या हातात सुई दिली. त्यानंतर ती रविवारी थोडा वेळ तिथे बसायला लागली. हे मला परिविक्षा अधिकाऱ्याने अगदी भारावून सांगितलं. मी म्हटलं, "शिवते कसं?" तो म्हणाला, "काका म्हणतात, तिने शिवलेलं परत उसवायलाच त्यांचा दिवस जातो."

अशा एका रविवारी आमच्याकडे जेवणं चालू होती. सुरमईचं कालवण केलं होतं, यजमान दुसऱ्यांदा भात घेत होते. तेवढ्यात मुलीच्या आईचा फोन आला. ती रडत होती की ओरडत होती ते कळेना. "बाई, पोरगी नाय उपकेंद्रात. आणि होडी पण नाय धक्क्याला!"

यजमानांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ताटावर झाकण ठेवलं. मी परिविक्षा अधिकाऱ्याला फोन केला. तो मोटरसायकल घेऊन आला आणि मी हेल्मेट घालून त्याच्या मागे बसले. वाटेत एकदा तो म्हणाला, "बाई, मी तिच्याबद्दल खूप चांगलं लिहिलं होतं हो." मी म्हटलं, "तू पुढे बघ."

धक्क्यावर अर्धं गाव जमलं होतं. प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं माहीत होतं. एक म्हणाला, सवय लागली की सुटत नाही. दुसरी म्हणाली, कायदाच मऊ झालाय, मग पोरं शेफारणार नाहीत तर काय. आई माशांच्या रिकाम्या टोपलीशेजारी बसली होती. मला बघितल्यावर ती म्हणाली, "आता तुम्हीच न्या तिला. मला नको." मी तिच्या शेजारी बसले. पाण्याकडे बघत राहिले. मनात एकच विचार होता, की तिला काही होऊ नये. बाकी आदेश, देखरेख, सुधारणा, काहीच आठवत नव्हतं.

कुणीतरी विचारलं, "पण काका कुठे आहेत? त्यांना सांगितलंत का?" तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं, की काकाही दिसत नाहीत. घराला कडी. पुतण्या बंदरावर नोकरीला लागला होता, तो ड्यूटीवर. फोन लावला तर काकांचा मोबाइल घरातच वाजत होता.

आणि तेवढ्यात वळणावरून होडी आली. एक डोळा मोठा, एक बारीक. मागे सुकाणूवर मुलगी, अंगात काकांचं जुनं, ढगळ नारिंगी लाइफ जॅकेट. पुढे काका, मांडी घालून, हात छातीशी धरून, एखाद्या पाहुण्यासारखे. मध्ये बांगड्यांचा ढीग. तिने इंजिन वेळेवर बंद केलं आणि होडी धक्क्याला अलगद लावली, एवढी अलगद की जमलेल्यांपैकी एकजण चुकून "वा" म्हणाला.

आई उठली. मला वाटलं, आता मुलीला धोपटणार. पण ती गेली सरळ काकांसमोर.

"पोरीला न्यायच्या आधी मला विचारायला काय झालं होतं तुम्हाला?"

काका गडबडले. "अगो, खांदा धरला माजा. पुतण्या नाय हाताशी. ही इथं आली होती, उपकेंद्रातून लवकर सोडलंन बाईंनी. म्हटलं, चल."

"म्हटलं चल! माझी पोरगी आहे ती! न विचारता नेलीत!" मग ती माझ्याकडे वळली. "बाई, घ्या लिहून. आता ह्यांच्यावर तक्रार."

धक्क्यावर असा हशा उठला, की काकांनाही आवरेना. मुलगी तेवढी हसली नाही. ती होडीतून उतरली आणि आईसमोर उभी राहून म्हणाली, "मी सांगायला पाहिजे होतं. चुकले." आईने तिला एक चापट मारली, फार जोरात नाही, आणि मग तिचं ओलं डोकं आपल्या पदराने पुसायला लागली. परिविक्षा अधिकारी माझ्या शेजारी उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला तो हेल्मेट परत घालत होता.

निघताना काकांनी आम्हा दोघांना बांगडे बांधून द्यायला घेतले. मी म्हटलं, आम्हाला घेता येत नाहीत, प्रकरण चालू आहे. काका म्हणाले, "बांगड्याचं कसलं प्रकरण?" तरी घेतले नाहीत. परतीच्या वाटेवर मात्र त्या बांगड्यांची आठवण आम्हा दोघांनाही येत होती, कारण तोही जेवण अर्धं टाकून आला होता.

गोष्ट मंडळापुढे आलीच. साहेबांनी काकांना बोलावून घेतलं.

"तुम्हीच या मुलीविरुद्ध तक्रार दिली होती ना?"

"दिली होती."

"आणि आता तुम्हीच तिला होडीवर घेऊन जाता?"

"तेव्हा न विचारता नेलीन. आता मी सांगितलं म्हणून चालवलंन. तक्रार कसली?" काकांना साहेबांची अडचण कळतच नव्हती.

साहेबांनी त्यांना नीट सुनावलं. ती लहान आहे, समुद्र आहे, काही झालं असतं तर जबाबदार कोण? आणि तिच्याकडून काम करून घेणं कायद्यात बसत नाही, हे मागे सांगितलं होतं. काका खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, "साहेब, एक सांगू? जाळं तिच्यानं व्हायचं नाय. सुई धरायची अक्कल नाय तिला. पण इंजिनाला हात बरा हाय."

मुलगी म्हणाली, "सुई धरता येते मला. तुमचं जाळंच कुजकं आहे."

"जाळं कुजकं? जाळं कुजकं म्हणतेस?"

साहेबांनी टेबलावर हात आपटला. दोघं गप्प झाले, पण एकमेकांकडे डोळे वटारून बघत राहिले. डॉक्टर माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "ह्यांचं आता मिटलंय. आपणच मधे बसलोय."

तसंच होतं ते. आईला विचारल्याशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही, अशी ताकीद मुलीला मिळाली. तिला कामाला न्यायचं नाही, अशी काकांना मिळाली. देखरेखीचा काळ ठरल्याप्रमाणे पार पडला आणि प्रकरण बंद झालं. बारावीला तिला जेमतेम मार्क पडले. जूनमध्ये वडील सुट्टीवर आले, तेव्हा बापलेकीचं जोरदार भांडण झालं असं परिविक्षा अधिकाऱ्याकडून कळलं. ते कशावरून झालं आणि कसं मिटलं ते कळलं नाही. प्रकरण बंद झाल्यावर आम्हाला कळायचं काही कारणही नव्हतं.

साहेबांनी एकदा मला हळूच विचारलं होतं, "ते काका मला एक फेरी मारून आणतील का हो खाडीत? मी कधी होडीत बसलो नाही." मी म्हटलं, नक्की आणतील, विचारून बघते. पण त्याआधीच त्यांची बदली झाली, कुठल्याशा कोरड्या तालुक्यात. पुढे माझीही मुदत संपली.

या कामाचा एक नियम मी अजून पाळते. मंडळापुढे आलेलं मूल पुढे कधी बाजारात, एसटीत, लग्नात दिसलं, तर आपण ओळख दाखवायची नाही. त्याने आपल्या आयुष्यात ते पान उलटलेलं असतं. बरोबर कोण आहे, त्यांना काय माहीत आहे, आपल्याला ठाऊक नसतं. मुलाने स्वतः ओळख दिली तर द्यायची, नाहीतर रस्त्याकडे बघायचं. कितीतरी मुलं माझ्याकडे न बघता शेजारून गेली आहेत, आणि मला त्याचं बरंच वाटतं.

गेल्या वर्षी यजमानांच्या रक्ताची तपासणी करायची होती. रत्नागिरीतल्या एका हॉस्पिटलमध्ये आम्ही गेलो. तिथे नर्सिंगच्या शिकाऊ मुली होत्या, पांढऱ्या गणवेशात. त्यातली एक आमच्याकडे आली, हातात सुई आणि कापूस. केस आता अंबाड्यात बांधलेले होते, पण मान तशीच ताठ. मी लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले.

"बाई! मला ओळखलं नाहीत?"

मी काही बोलायच्या आत तिच्याबरोबरची मुलगी म्हणाली, "तुझ्या शाळेतल्या बाई का गं?"

"हो" म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

"नाही गं," ती मोठ्याने म्हणाली. शेजारच्या बाकावरचे चार पेशंट वळून बघायला लागले. "मी होडी चोरली होती ना, त्या वेळच्या या बाई."

"म्हणजे ते खरं होतं?" मैत्रीण म्हणाली. "आम्हाला वाटायचं तू थापा मारतेस."

यजमानांची बाही वर केलेली होती. त्यांनी हात हळूच मागे घ्यायला सुरुवात केली. "होडी?"

"हलू नका काका, शीर सुटेल," ती म्हणाली. ते जागच्या जागी थिजले. घरी मी कितीही सांगितलं तरी ते असे स्थिर कधी बसत नाहीत.

मी तिला विचारलं, की नर्सिंग कसं निवडलं. मला वाटलं होतं, उपकेंद्रातल्या दिवसांबद्दल काहीतरी सांगेल. ती म्हणाली, "ह्याच्यात गणित नव्हतं म्हणून." मग जाळ्यावाल्या काकांचं विचारलं. खांद्याचं ऑपरेशन झालं होतं, आता पुतण्या होडी बघतो. सुट्टीत ही गेली की तिघं मिळून जातात. काका पुढे बसून सूचना देतात आणि त्या कुणी ऐकत नाही.

"आणि आई?"

"आईला सांगून जाते. ती नाहीच म्हणते. मग मी परत विचारते."

बोलता बोलता तिचं काम झालंसुद्धा होतं. यजमानांच्या कोपरावर कापूस दाबून तिने त्यांचा अंगठा त्यावर ठेवला, "पाच मिनिटं दाबून धरा" म्हणाली आणि पुढच्या पेशंटकडे वळली. तो एक लहान मुलगा होता आणि आधीच रडायला लागला होता. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि त्याला काहीतरी सांगायला लागली.

बाहेर आल्यावर यजमान कापूस उचलून बघत होते. "टोचलंन कधी," ते म्हणाले, "कळलंच नाही."